रणगाडा नंतर, आधी ट्रक

भाच्याने खोका उघडला, सुटे भाग जोडलेल्या आतल्या करड्या प्लॅस्टिकच्या फ्रेम उलटसुलट करून पाहिल्या आणि तोंड पाडून विचारलं, "मामा, ह्याला तोफ कुठाय?"

तोफ नव्हतीच. खोक्यात होते दुसऱ्या महायुद्धातले मालवाहू ट्रक. सुट्टीला सांगलीत आलेल्या बारा वर्षांच्या पोराला टेबलावर युद्ध खेळायला शिकवायचं कबूल केलं होतं मी, आणि त्याच्या डोक्यात होते टायगर रणगाडे. त्याला जे समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. या छंदाबद्दल विचारणारे सगळेच रणगाड्यापासून सुरुवात करतात आणि तीन महिन्यांत कंटाळतात.

आधी हा खेळ काय ते थोडक्यात. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर टेकड्या, रस्ते, घरं. दोन्ही बाजूंना बोटाच्या पेरापेक्षा लहान, नाहीतर फार तर पेराएवढे सैनिक. प्रत्येकाने पाळीपाळीने टेप लावून आपलं सैन्य सरकवायचं, फासे टाकायचे, कोण पडलं कोण वाचलं ते नियमावलीत पाहायचं. प्रशियाच्या लष्करात 1824 च्या सुमारास अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी असाच खेळ अधिकृतपणे वापरात आला. तिथून तो हळूहळू हौशी लोकांच्या घरात शिरला. गाड्या आणि सैनिक बहुतेक प्लॅस्टिकचे, सुटे भाग जोडून, रंगवून तयार करायचे. म्हणजे निम्मा छंद खेळण्याचा आणि निम्मा सुतारकामाचा.

आता ट्रक का? कारण ते युद्ध ट्रकवर चाललं. 1944 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी फौजा फ्रान्समधून इतक्या वेगाने पुढे गेल्या की मागून पेट्रोल आणि दारूगोळा पोचेना. रेल्वे आधीच बाँबने मोडून ठेवलेली. मग 25 ऑगस्टपासून 16 नोव्हेंबरपर्यंत ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची ट्रकची अखंड रांग चालवली. रस्ते फक्त लष्करासाठी राखीव, एक जायचा, एक यायचा. ऐन भरात जवळजवळ सहा हजार गाड्या आणि दिवसाला बारा हजार टनांहून जास्त माल. ड्रायव्हरांपैकी तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकी. वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र इंजिनाला लावलेलं असायचं, ते हे लोक काढून टाकायचे. आपल्याकडे साखर कारखान्याच्या वाटेवर रात्री उसाच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते चित्र डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडणार नाहीत.

समोरच्या बाजूला काय होतं? 1941 मध्ये रशियावर चालून गेलेल्या जर्मन सैन्याबरोबर सहा लाखांच्या आसपास घोडे होते. सिनेमात दिसते ती सगळी यांत्रिक फौज म्हणजे टोक. मागचं सैन्य पायी आणि घोडागाडीने चाललेलं. त्यामुळे जर्मन बाजू घेऊन टेबलावर सगळ्या तुकड्या ट्रकमध्ये बसवणाऱ्याला मी हळूच विचारतो, की बाबा, घोडे कुठे ठेवलेस?

खोक्यांवरची नावं वाचली की एक गंमत कळते. जर्मनांचा नेहमीचा तीन टनी ट्रक म्हणजे ओपेल ब्लिट्झ. ओपेल कंपनी 1929 ते 1931 दरम्यान अमेरिकेच्या जनरल मोटर्सने विकत घेतलेली. ब्रिटिशांचा बेडफर्ड बनवायची व्हॉक्सहॉल, आणि व्हॉक्सहॉलही 1925 पासून जनरल मोटर्सचीच. अमेरिकनांचा सहाही चाकांनी ओढणारा अडीच टनी जीएमसी तर नावापासूनच जनरल मोटर्सचा. तो साडेपाच लाखांहून जास्त बनला. युद्ध सुरू झाल्यावर ओपेलचा कारभार अमेरिकेच्या हातात राहिला नाही हे खरं, पण एकाच घरातली भावंडं एकमेकांसमोर उभी ठाकली ती ठाकलीच. रशियनांचा गाझ हा मुळात फोर्डच्या परवान्याखाली बनलेला, आणि अमेरिकेने त्यांना जे स्टुडबेकर ट्रक पाठवले त्यांच्यावर त्यांनी कात्युशा रॉकेटं बसवली. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा खोक्याकडे नीट पाहिलं.

आपल्या दृष्टीने सगळ्यात जवळचा ट्रक मात्र कॅनडाचा. फोर्ड आणि शेवरोले या दोन कंपन्यांनी कॅनडात एकाच नमुन्याच्या चार लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या. त्यांना सीएमपी, म्हणजे कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, म्हणतात. नाक चपटं, आखूड, जणू कुणी बुक्की मारून बसवलेलं. नंतरच्या नमुन्याच्या केबिनमध्ये तर पुढची काच खालून आत झुकलेली, म्हणजे वरून विमानाला चकाकी दिसू नये. स्टिअरिंग ब्रिटिश पद्धतीने उजवीकडे. हिंदी सैन्य उत्तर आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश या सगळीकडे या गाड्यांतून फिरलं. पंधरा हंड्रेडवेटचा छोटा आणि तीन टनी मोठा असे दोन प्रकार जास्त भेटतात. हंड्रेडवेट हे ब्रिटिश माप 112 पौंडांचं. पंधरा म्हणजे साधारण 762 किलो. आपल्या छोट्या टेम्पोएवढा भार.

माझ्या टेबलावर इटली असते, त्यामुळे मला हाच ट्रक लागतो. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीच्या उंच बांधांवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधल्या नामदेव जाधवांनी जे केलं त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या आधीच्या जुलैमध्ये वरच्या टायबर खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे पडले, त्यांनाही मिळाला. आणि याच काळात इकडे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकार चालू होतं. 1943 च्या जूनमध्ये शेणोलीजवळ त्याच्या तुफान सेनेने पगाराची रेल्वे लुटली. एका घरातला एक भाऊ इटलीत ब्रिटिशांच्या ट्रकमध्ये आणि दुसरा घाटात ब्रिटिशांच्या विरोधात, असं तेव्हा या भागात होऊ शकत होतं. टेबलावर याचा नियम नाही, पण ट्रक रंगवताना माझ्या डोक्यात ते येतं.

बरं, आता जिथे सगळे अडखळतात तिकडे वळू: माप.

दुकानात किंवा वेबवर एकाच ट्रकचे पाच खोके दिसतात. एकावर 1/72, दुसऱ्यावर 1/76, तिसऱ्यावर 15 मिमी, चौथ्यावर 28 मिमी, पाचव्यावर 1/35. यातले काही आकडे अपूर्णांक आहेत आणि काही मिलिमीटर, हेच गोंधळाचं मूळ. अपूर्णांक सांगतो की खरी वस्तू किती पटीने लहान केली. 1/72 म्हणजे बहात्तर पट लहान; सहा फूट उंच माणूस म्हणजे 72 इंच, तो बरोबर एक इंचाचा होतो. मिलिमीटरचा आकडा मात्र गाडीचा नसून माणसाचा. 28 मिमी म्हणजे त्या मापातला सैनिक तळपायापासून डोळ्यांपर्यंत 28 मिलिमीटर. टोपी आणि शिरस्त्राण मापात धरत नाहीत, कारण प्रत्येकाचं वेगळं. या सैनिकांना जुळणारी गाडी 1/56 ची. 15 मिमीच्या सैनिकांना जुळणारी 1/100 ची.

1/76 कुठून आलं याची कथा छोटी आहे. ब्रिटनमध्ये खेळण्यातल्या रेल्वेचं एक माप लोकप्रिय होतं, खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. एअरफिक्ससारख्या कंपन्यांनी सुरुवातीच्या लष्करी गाड्या त्याच मापात काढल्या. म्हणून जुने बेडफर्ड 1/76 मध्ये भेटतात आणि नंतरचे बरेच ट्रक 1/72 मध्ये. दोन्ही शेजारी ठेवले तर जाणकारालाच कळतं. मी बिनधास्त एकत्र वापरतो.

बेडफर्ड क्यूएल घ्या किंवा ओपेल ब्लिट्झ, खरा ट्रक साधारण सहा मीटर लांब. तो 1/100 मध्ये सहा सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीहून थोडा मोठा. 1/72 मध्ये सव्वाआठ. 1/56 मध्ये पावणेअकरा. 1/35 मध्ये सतरा, आणि तो शोकेसमध्ये ठेवायचा, खेळायचा नाही. आता दुसरी बाजू पाहा. 28 मिमीच्या खेळात रायफलचा पल्ला साधारण 24 इंच, म्हणजे साठ सेंटिमीटर धरतात. गाडीच्या मापाने हिशेब केला तर तो खरा फक्त चौतीस मीटर भरतो! खऱ्या रायफलीचा पाचशे मीटरचा पल्ला त्याच मापात ठेवायचा म्हटलं तर टेबल नऊ मीटरचं लागेल, आणि आमच्या घराची मागची भिंत पाडावी लागेल. म्हणून खेळात अंतरं आखडलेली असतात, पण गाड्या आखडत नाहीत. परिणाम असा की मोठ्या मापात चार ट्रक रांगेत उभे केले की रायफलच्या पल्ल्यातली निम्म्याहून जास्त जागा तेवढ्यानेच व्यापते; रस्त्यावर कॉनव्हॉय न दिसता पार्किंग दिसतं.

माझं मत त्यामुळे स्पष्ट आहे. ट्रक खेळायचे असतील तर 15 मिमी, फार तर 1/72. 28 मिमी दिसायला देखणं, पण त्यात एखाद-दुसरा ट्रकच शोभतो.

अजून एक तक्रार नेहमी ऐकू येते: ‘सैनिक ट्रकपेक्षा थोराड दिसतो.’ दिसणारच. एक तर तो दोन-तीन मिलिमीटर जाड चकतीवर उभा असतो आणि ट्रक सरळ जमिनीवर. शिवाय लहान सैनिकांचे हात, डोकं, बंदूक मुद्दाम जाड करतात, नाहीतर रंगवताना सापडत नाहीत आणि पहिल्या खेळात मोडतात. ट्रकला तोच न्याय लागू आहे, आणि इथे माझ्या कुपवाडच्या मित्राला बोलवावं लागेल.

तो एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या मशिनवर आहे. बादल्यांचे दांडे, ठिबकचे जोड, असलं काहीबाही काढतात. मी त्याला एक फ्रेम दाखवली तर त्याने आधी ट्रक पाहिलाच नाही, भागांना जोडणाऱ्या काड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "रनर किती जाड ठेवलाय बघ. आम्ही हे ग्राइंडरला टाकून परत वापरतो, तू विकत घेतोस." मग त्याने सांगितलं ते असं. पोलादाचे दोन ठोकळे, त्यात वस्तूचा उलटा आकार कोरलेला. दोन्ही गच्च दाबून धरायचे, दोनशे अंशांच्या वर तापवलेलं पॉलिस्टायरीन जोराने आत सोडायचं, थंड झालं की ठोकळे सरळ मागेपुढे उघडायचे आणि आतल्या पिनांनी माल बाहेर ढकलायचा. सगळी मेख ‘सरळ उघडायचे’ या दोन शब्दांत. भागाला आत वळलेला आकडा असेल तर तो पोलादात अडकतो. बाजू अगदी काटकोनात असतील तरी घासतात, म्हणून त्या किंचित तिरक्या ठेवतात. भाग फार जाड असेल तर आतलं प्लॅस्टिक उशिरा थंड होऊन आकसतं आणि वरून खड्डा पडतो. पिन जिथे लागते तिथे गोल छाप उमटतो. दोन ठोकळे जिथे मिळतात तिथे बारीक रेघ राहते, आणि हा साचा, म्हणजे मोल्ड, झिजला असेल तर त्या रेघेतून कागदासारखा पापुद्रा बाहेर येतो. त्याला ते लोक फ्लॅश म्हणतात.

हे कळल्यावर खोक्यातलं सगळं कोडं सुटतं. केबिन अख्खी का नसते, तिच्या भिंती, टप, बॉनेट सुटे का? कारण पोकळ खोका दोन ठोकळ्यांतून निघत नाही. स्प्रिंगचे पाटे आणि अ‍ॅक्सल एकाच तुकड्यात का? कारण खेळाचा ट्रक वीस-तीस भागांत संपला पाहिजे. शोकेसचा दोनशेला जाऊ शकतो, पण तो कुणी दहा-दहा करणार नाही. आरशाची दांडी काडीएवढी जाड का? कारण भाचा.

पोलादाचा मोल्ड महाग, आणि रणगाडा ट्रकपेक्षा जास्त खपतो. त्यामुळे बरीच वर्षं खेळणाऱ्यांना प्लॅस्टिकचे ट्रक फारसे मिळतच नसत. रेझिनचे (ओतून घट्ट केलेल्या राळेचे) किंवा धातूचे घ्यावे लागत, महाग आणि जड. आता कंपन्यांनी हुशारी केली आहे. चेसिस एकच, त्यावर दोन-तीन प्रकारची बॉडी: उघडा हौदा, ताडपत्री, कधी पेट्रोलची टाकी. अनेक संचांत केबिनचेही पर्याय असतात. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. कंपनीतून नुसतं चेसिस यायचं आणि इथल्या बॉडी बिल्डरकडे लाकडी फळ्या ठोकून त्याचा ट्रक व्हायचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. 1940 च्या दशकातल्या लष्करी ट्रकचंही तेच होतं.

आता जोडणी. कापायला नेलकटर चालतं, पण भागाला चिकटून कापू नका; थोडं खोड ठेवा आणि मग ब्लेडने सोला. रेघ खरवडायला ब्लेड आडवं न चालवता उभं धरून मागे ओढायचं. गोंदाचा मुद्दा महत्त्वाचा. पॉलिस्टायरीनला लागतो तो पातळ सॉल्व्हंट गोंद, त्यात ब्युटिल अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटोन असली द्रव्यं असतात. तो चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळतो. वाळला की तिथे जोड उरत नाही, एकच तुकडा होतो. म्हणून तो रेझिनवर चालत नाही आणि मित्राच्या बादलीच्या पॉलिप्रॉपिलीनवरही नाही. खिडकी उघडी ठेवून वापरा. सुपरग्लू घाईत बरा वाटतो, पण त्याची वाफ पारदर्शक काचेवर पांढरी धूळ बसवते; पुढच्या काचेला साधा फेविकॉल लावा, वाळल्यावर दिसत नाही.

ट्रकची खरी परीक्षा चाकांत. रणगाड्याचे पट्टे थोडे वाकडे गेले तरी चिखल लावून झाकता येतात. ट्रकचं एक चाक वर राहिलं की अख्खी गाडी लंगडी दिसते. मी असं करतो: जुन्या फोटोफ्रेमची काच टेबलावर ठेवतो. चेसिसला अ‍ॅक्सल लावतो, चाकांना गोंदाचा एकेक थेंब, आणि लगेच सगळं काचेवर उभं करतो. गोंद ओला आहे तोवर वरून बोटाने हलकेच दाबायचं, चारही चाकं टेकू द्यायची. मग काच डोळ्यांच्या पातळीला आणून समोरून आणि मागून पाहायचं. कुठल्या चाकाखालून उजेड दिसला तर तेच जरा खाली. नंतर तासभर हात लावायचा नाही. भाच्याने पंधराव्या मिनिटाला हात लावला, त्यामुळे आमच्या ताफ्यातला तिसरा ट्रक कायम खड्ड्यातून चालल्यासारखा दिसतो. त्याला आम्ही तसाच ठेवला आहे. रस्ता आपल्याकडचा म्हणायचा.

हौदा आणि केबिन रंगवून होईपर्यंत एकमेकांना चिकटवू नका. नंतर आत ब्रश जात नाही.

रंगाचं सोपं आहे, फक्त वर्ष ठरवा. जर्मन गाडी 1943 च्या फेब्रुवारीपूर्वीची असेल तर गडद करडी, नंतरची गडद पिवळट. ब्रिटिश सैन्याच्या गाड्या युरोपात मधल्या काळात तपकिरी, त्यावर काळे गोल एकमेकांत शिरलेले. त्या गोलांमुळे सैनिक त्याला मिकी माऊस म्हणायचे, आणि एकदा ते नाव कळलं की दुसरं काही दिसतच नाही. 1944 पासून हिरवट ऑलिव्ह रंग. टपावर वर्तुळात पांढरी चांदणी, आपल्याच विमानांनी बाँब टाकू नये म्हणून. आठव्या हिंदी डिव्हिजनची खूण क्लोव्हरच्या पानांची, चौथ्याची लाल गरुडाची. या खुणा पाण्यात भिजवून सोडवायच्या छापील पापुद्र्यांनी लावतात, त्यांना डेकल म्हणतात. 2019 च्या पुरात माझे खालच्या कपाटातले खोके पाण्यात गेले. प्लॅस्टिक धुऊन घेतलं, काही झालं नाही. डेकल मात्र पाण्यात भिजायलाच जन्माला आलेले. ते कागद सोडून कुठे गेले ते कृष्णामाईला ठाऊक. तेव्हापासून माझ्या ट्रकांवरच्या क्लोव्हर हाताने काढलेल्या आहेत आणि जवळून पाहिल्यास कोथिंबिरीसारख्या दिसतात.

पावसाळ्यात शेवटचं मॅट वॉर्निश स्प्रेने मारू नका. हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि ट्रकवर दुधी साय धरते. जुलै-ऑगस्टमध्ये मी ब्रशने लावतो. रंग पूर्णच बिघडला तर अ‍ॅक्रिलिक असेल तोवर डेटॉल कामाला येतं: रात्रभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. घासताना पाणी वापरू नका, सुटलेल्या रंगाचा चिकट राळ होतो. आधी डेटॉलमध्येच खळबळा, मग साबणाने धुवा.

खेळात ट्रकने काय करायचं? सैनिक वाहायचे, तोफ ओढायची आणि गोळीबारापासून लांब राहायचं. पत्र्याला कवच नाही. मशिनगनची एक फैर पुरते. काही नियमावल्यांत तर रिकामा ट्रक शत्रूच्या फार जवळ राहिला तर पाळीच्या शेवटी उचलूनच घेतात. त्यामुळे माणसं कुठे उतरवायची हा निर्णय कठीण होतो. लवकर उतरवली तर पायी चालण्यात पाळ्या जातात, उशिरा उतरवली तर उतरायला कुणी उरत नाही. इटली मांडणार असाल तर आणखी एक: डोंगरात रस्ता संपला की ट्रक थांबायचे आणि तिथून पुढे हिंदी सैन्याच्या खेचरांच्या कंपन्या माल वर न्यायच्या. चार-पाच खेचरं आणून ठेवा.

भाच्याने पहिल्या खेळात सगळे ट्रक सरळ पुलावर घातले आणि दुसऱ्या पाळीत गमावले. दुसऱ्या रविवारी त्याने ते टेकडीमागे लावले, माणसं उतरवली आणि ट्रक तोफा आणायला मागे पाठवले. पाचव्या पाळीला त्याच्या दोन तोफा बांधावर होत्या आणि माझा एकुलता एक रणगाडा उघड्यावर. नंतर उरलेल्या रनरच्या काड्या मेणबत्तीवर धरून आम्ही केसासारख्या तार ओढत बसलो. ताडपत्रीचे दोर लावायचे राहिले होते.